चकचकीत टेबल नापास

देऊळघाटच्या रस्त्यावर आमचं पनीर-खव्याचं छोटं युनिट आहे. तिथे टेबल नीट धुतलं गेलं की नाही हे वर्षानुवर्षं ठरायचं ते मालकांच्या मिशीवरून. खरंच सांगते, थट्टा नाही! पनीर कापायच्या लांबलचक स्टीलच्या टेबलावर भाऊ, म्हणजे आमचे मालक, दुपारी येऊन वाकायचे. मिशीचा केस न् केस त्यात दिसला की टेबल पास. मिशी धूसर दिसली की पुन्हा घासा. दुसरं मोजमाप नव्हतं आणि कुणाला त्याची गरजही वाटत नव्हती.

ते टेबल धुवायची मावशी. नात्याने कुणाचीच नाही, पण युनिट सुरू झालं त्या दिवसापासून तिथे, म्हणून सगळ्यांची मावशी. मी मायक्रोबायोलॉजी शिकून बुलढाण्याहून परत आले आणि इथल्या टिचभर लॅबमध्ये दूध तपासायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी ती समोर येऊन म्हणाली, "जयभीम म्याडमबाई. जंतू शोधाले आल्या ना? माह्या टेबलावर नाई सापडनार, दुसरीकडं पाहा." मला ती तिथेच आवडली. आमचा रोज खटका उडायचा, कारण तीही तिखट आणि मीही. माझ्या आईचं म्हणणं आहे की मला फोडणीत टाकायची गरज नाही, मी आधीच तडतडते.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका मोठ्या मिठाईवाल्याने आमचं पनीर घ्यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. टेबलं, सुऱ्या, साचे रोज मशीनवर तपासायचे आणि आकडे लिहून ठेवायचे. झालं! आठवड्याभरात मशीन आलं. मोबाईलपेक्षा थोडंसं मोठं. ओलसर बोळा टेबलावर फिरवायचा, तो नळीत घालून हलवायचा, नळी मशीनमध्ये ठेवायची आणि पंधरा सेकंद थांबायचं. टेबलावर दुधाचा, अन्नाचा, जंतूंचा जो काही जिवंत अंश उरला असेल तो नळीतल्या औषधात मिसळून उजेड देतो आणि मशीन त्या उजेडाचा आकडा करून दाखवतं. घाण जास्त, तर आकडा जास्त. मी तर हरखूनच गेले होते. पहिल्या दिवशी दरवाजाची मूठ, माझा चष्मा, भाऊंचा फोन, सगळ्यावर बोळा फिरवला. भाऊंच्या फोनचा आकडा पाहून त्यांनी तो खिशात घातला आणि पुन्हा जेवणाच्या वेळी काढला नाही.

मग मावशीच्या टेबलाची पाळी आली. मिशी लख्ख दिसत होती. मशीनसोबतच्या पुस्तिकेत नमुन्यादाखल लिहिलं होतं, दहाच्या आत पास, तिसाच्या वर नापास. मावशीच्या टेबलाचा आकडा आला एकशे अठरा.

"मशीन बिघडेल हाये," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शहाण्णव. तिसऱ्या दिवशी एकशे एकतीस. भाऊ चिडले. त्यांनी सरळ सांगून टाकलं की ज्याचं टेबल नापास होत राहील त्याने आतलं काम सोडायचं आणि बाहेर अंगणात दुधाचे क्रेट धुवायचे. मावशीने पाठ फिरवून टेबल पुन्हा घासायला घेतलं. बाहेर उन्हात उकिडवं बसून क्रेट घासणं तिच्या गुडघ्यांना झेपलं नसतं, आणि गुडघ्यांचंही सोडा, तिला ते टेबल सोडवलं नसतं. मला ती पाठमोरी असतानाच म्हणाली, "त्या टेबलाले माह्या हाताची सवय हाये वो."

माझं डोकं सणकलं. मी पुस्तिका पुन्हा वाचली आणि एका ठिकाणी थांबले. तिथे साफ लिहिलं होतं की हे आकडे फक्त नमुना आहेत, प्रत्येक जागेने आपली रेघ आपण आखायची. आपल्या पद्धतीने स्वच्छ धुवा, बरेच दिवस आकडे घ्या, ते किती वरखाली होतात ते बघा आणि त्यावरून पास-नापास ठरवा. मी पुस्तिका घेऊन भाऊंच्या खोलीत घुसले. "भाऊ, परक्या घरचं माप आपल्याले कसं बसंल? मले दोन आठवडे द्या!" त्यांनी दिले. मला वाटलं, मावशीला वाचवलंच मी.

दोन आठवडे मी नुसती पळत होते. सकाळभर लॅबमध्ये दुधाचे नमुने असायचे, त्यातून मान वर करायला फुरसत नाही. दुपारी बारा वाजता, सगळं धुऊन वाळलं की मी बोळे घेऊन निघायचे. टेबल, सुरी, साचे, नळाची मूठ. वही भरत गेली. शेवटी बसून हिशेब केला, सरासरी काढली, आकडे किती हलतात ते पाहिलं आणि प्रत्येक जागेची रेघ आखली. सुरीची पंधरा, साच्याची पंचवीस. मावशीच्या टेबलाचे आकडे रोजच शंभराच्या आसपास, म्हणून त्याची रेघ आली दीडशे. दीडशेच्या आत पास. कागद भिंतीवर चिकटवला आणि मावशीचं टेबल त्या दिवशी पास झालं! मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. मावशीने गरम खव्याचा गोळा माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "शिकेल पोरगी कामाची असते बाप्पा." पुढचा आठवडाभर मी फुगून फिरत होते.

मग मावशीच्या भाचीचं लग्न निघालं, धामणगाव बढ्याला. मावशी एक दिवस रजेवर गेली. तिच्या जागी टेबल धुवायला पॅकिंगमधली एक बाई आली. तिचं सगळं लक्ष घड्याळाकडे. साबण लावला, गरम पाणी ओतलं, फडकं मारलं आणि निघून गेली. टेबल अगदी मंद, मळकट वाटावं असं दिसत होतं. मिशी सोडा, नाकसुद्धा दिसेना. मी कपाळाला हात लावला आणि बोळा फिरवला.

नऊ.

मी नळी हलवली, दुसरा बोळा घेतला. अकरा. तिसरा घेतला. आठ. भाऊ मागेच उभे होते, त्यांनी तिन्ही आकडे पाहिले.

"म्हंजे इतके दिवस मावशीच नीट धूत नव्हती," ते म्हणाले. "आन् तू तिच्यासाठी रेघ वर सरकवली. उद्या दुपारी येतो मी, तवा सांगतो तिले. क्रेटवर जा म्हना."

मला भयंकर राग आला. आधी भाऊंचा, मग मावशीचा, आणि मग एकदम माझा स्वतःचा. कारण मला एक गोष्ट आठवली जी मी करायलाच हवी होती आणि केली नव्हती. रेघ आखल्यावर ती घाण पकडते का हे तपासायचं असतं. मी चमचाभर दूध तांब्याभर पाण्यात मिसळलं, फडकं बुडवून टेबलाच्या एका कोपऱ्यावर पुसलं आणि वाळू दिलं. मग बोळा फिरवला. आकडा आला सत्त्याऐंशी. माझ्या दीडशेच्या रेघेने तो कोपरा पास! टेबलावर मी स्वतःच्या हाताने दूध फासलं होतं आणि माझाच कागद म्हणत होता, उत्तम, चालू द्या. गेला आठवडाभर ती रेघ आंधळी होती आणि मी टाळ्या वाजवत होते.

पण मावशी नीट धूत नाही हे मला पटेचना. ती टेबल अर्धा तास घासते हे सगळं युनिट जाणून होतं. मग तिच्या हातून शंभर आणि त्या बाईच्या हातून नऊ कसे? आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की मी तिला धुताना एकदाही पाहिलेलं नाही. मी रोज बाराला येते. सगळं वाळल्यावर!

दुसऱ्या दिवशी मावशी परत आली, हातात भाचीच्या लग्नाची बुंदी. मी लॅबचे नमुने तसेच टाकले आणि सकाळी टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"काऊन वो, आज इकडं काऊन?"

"पाहून राह्यले तुमाले."

"मले? मी काय सिनेमा हाय का?"

पनीर कापून झालं. दहाला सगळ्यांचं चहापाणी आणि पोहे झाले. मग मावशीने टेबल धुवायला घेतलं. साबण, काथ्या, कोपरे, कडा, खालचे पाय, सांधे. गरम पाणी दोनदा. काय घासत होती! मी गुपचूप टेबलाच्या एका कोपऱ्यावर बोळा फिरवला. पंधरा सेकंद संपता संपेनात. चार आले. चार! मी ओरडणारच होते, इतक्यात मावशीने कोपऱ्यातली एक पिशवी उघडली. आत सकाळच्या पोह्यांवर पिळून उरलेली लिंबाची सालटं. ती तिने एकेक करून अख्ख्या टेबलावर घासली, जोर लावून, गोल गोल. मग कोरड्या फडक्याने पुसलं, आणि टेबल असं चमकलं की छतावरचा पंखा त्यात फिरताना दिसला.

"मावशी! हे काय हाये?"

"पालिस," ती अभिमानाने म्हणाली. "भाऊले मिशी दिसाले नोको? पह्यलेपासून लावते मी. बाकीच्याइले कायले सांगू."

मी बोळा फिरवला. पंधरा सेकंद. एकशे बावीस.

मी टेबलाशीच नाचले, खोटं कशाला बोलू! लिंबाचा गर, लिंबाचा रस, तोही जिवंतच की. तो टेबलावर बसतो आणि मशीन त्यालाही मोजतं. मावशी टेबल स्वच्छ करत होती आणि मिशीसाठी त्यावर पुन्हा लिंबू चढवत होती. मी मोजत होते ते लिंबू! आणि त्या लिंबाच्या आकड्यावर मी शहाणीने रेघ आखली होती.

नाचून झालं आणि मग मावशीचा चेहरा दिसला. तिने हातातलं सालटं पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"म्हंजे इतकी वर्सं मीच घान करत व्हते काय?" तिने विचारलं.

मी तिला मशीन दाखवलं, पहिला आकडा आणि दुसरा. म्हटलं, "मावशी, हा चार तुमच्या हाताचा हाये. हा एकशे बावीस आमच्या डोळ्याइचा. आमाले चमक पाह्यजे व्हती म्हनून तुमी लावलं. चूक माही हाये, मी बारा वाजता येत व्हते." मावशी जाऊन पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

दुपारी भाऊ आले. ते तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. त्यांच्यासमोर मावशीने पुन्हा टेबल धुतलं, लिंबाशिवाय. मी बोळा भाऊंच्याच हातात दिला. त्यांनी तो परीक्षेला बसल्यासारखा धरून फिरवला. पाच. मग मी दूध फासलेल्या कोपऱ्याची गोष्टही सांगितली, काही न लपवता, आणि भिंतीवरचा माझा कागद त्यांच्यासमोर फाडला. क्रेटचा विषय भाऊंनी काढला नाही. मग सवयीने टेबलावर वाकले. मिशी काही दिसली नाही.

"तोंड काय पाह्यता भाऊ," मावशी म्हणाली, "आकडा पाहा आता."

सगळं युनिट हसलं, भाऊसुद्धा. त्यांची मिशी हलली ती आम्ही थेट पाहिली.

पुन्हा दोन आठवडे मी आकडे घेतले, पण या वेळी धुणं सुरू होतं तेव्हापासून उभी राहून. मावशीच्या हाताचे आकडे तीन ते सात यांच्या मध्येच. त्यावरून रेघ आली दहाची: दहाच्या आत पास, वर गेला तर पुन्हा बोळा फिरवून बघा, आणि वीसच्या वर नापास, पुन्हा धुवा. ती पुस्तिकेच्या नमुन्याजवळच येऊन बसली, पण आता ती आमची होती. दूध फासून पाहिलं, रेघेने पकडलं. पाण्यात आणखी पातळ केलं, तरी पकडलं. मग कागद लावला आणि मावशीला वाचून दाखवला. "मावशी, युनिटमधल्या समद्या स्टीलच्या टेबलाइले आता हीच रेघ. तुमच्या आकड्याइवरून काढेल हाये."

"समद्याइले?"

"हाव, समद्याइले."

तिने कागदाकडे एकदा पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग चाल." माझ्या हातातून बोळ्याची नळी घेतली आणि सरळ माझ्या लॅबमध्ये शिरली. तिथे माझं स्वतःचं स्टीलचं टेबल, मी रोज पुसते ते, चांगलं चमकत होतं. तिने मी शिकवलेल्या पद्धतीने बोळा फिरवला, आडवा, उभा, कडेकडेने. नळी हलवली आणि मशीनमध्ये ठेवली. पंधरा सेकंद आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो.

एकसष्ट.

मावशीने मोठ्याने आकडा वाचला, दाराबाहेर उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. मग कोपऱ्यातला काथ्या उचलून माझ्या हातात दिला.

"घास," ती म्हणाली. "मी उभी हाये इथं."