टमाटं टाकणारे लोक

द्वेषातून होणारे गुन्हे आणि त्यांचे परिणाम हा विषय नववीला शिकवायचं ठरलं, तेव्हा ऐन थंडीत आमच्या हेडमास्तरांना घाम फुटला. "शिकवा मॅडम, बिनधास्त शिकवा. फक्त जात, धर्म, गाव, भाषा, पक्ष, कशाचंही नाव घेऊ नका."

माझं डोकं तसंही लवकर फिरतं. म्हटलं, "सर, मग द्वेष करायचा तरी कोणाचा?"

"बघा बुवा, काहीतरी निरुपद्रवी."

निरुपद्रवी म्हणून मी टमाटं निवडलं. आमच्या खानदेशात वांगी काड्यांच्या जाळावर भाजतात, हिरवी मिरची आणि लसणासोबत ठेचतात, वर कांद्याची पात. झालं भरीत. त्यात टमाटं टाकणारा माणूस मी तरी इकडे पाहिला नव्हता. फळ्यावर लिहिलं, 'समजा, गावात काही लोक भरतात टमाटं टाकतात.' कोणाचं काहीही न बिघडवता हे लोक पायरीपायरीनं वाईट कसे ठरतात, हे मुलांनी शोधायचं होतं.

पायऱ्या राहिल्या बाजूला. मॉनिटर मुलगी ताडकन उठली. "मॅडम, टमाटं टाकनारा बठ्ठा लोकेसले गावबाहेर काढाले पाहिजे!" बाकं वाजली, घोषणा सुरू झाल्या. गलका ऐकून हेडमास्तर दारात आले, फळा वाचला आणि कळवळून म्हणाले, "टमाटं? भरतात?" मी मनात खूश. धडा रंगला होता. समारोप मधल्या सुट्टीनंतर करायचा होता: मार एकालाच बसतो, पण त्याच्यासारखे सगळेच घराला आतून कडी लावतात.

सुट्टीत नवी मुलगी मांडीवर बंद डबा घेऊन बसलेली दिसली. वडिलांची बदली झाली म्हणून दीपनगरहून नुकतीच आली होती. तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीत ठिकठिकाणचे लोक, त्यामुळे तिच्या आईचा स्वयंपाकही ठिकठिकाणचा.

"जेवली नाहीस?"

तिनं झाकण जरासं उचललं. भरीत होतं. लालसर.

"तुला कोणी काही बोललं का गं?"

"नाही मॅडम. ते माझ्याबद्दल बोलतच नव्हते. त्यामुळे मला काही म्हणताच येईना." मग हळूच म्हणाली, "शनिवारच्या वर्गाच्या भरीत पार्टीला मी नाही आले तर चालेल?"

चालणार नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग काढायला समोर फक्त भरीत होतं. मी विचारलं, "वर्गाला सांगू का?" तिनं जरा विचार केला. "मीच सांगते."

सुट्टीनंतर तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, "माझी आई टमाटं टाकते. मला आवडतं." मी विचारलं, हिनं तुमचं काय बिघडवलंय? मॉनिटर वेणीचं टोक चावत खाली बघत राहिली. माझा समारोप मी गिळून टाकला.

शनिवारी केळीच्या बागेत जाळ पेटला. नव्या मुलीनं वेगळ्या पातेल्यात तिचं भरीत केलं आणि केळीचं पान घेऊन पंगतीच्या पार टोकाला, एकटीच बसली. आधी हेडमास्तरांनी औषध घ्यावं तसा डोळे मिटून घास घेतला आणि "वा, वेगळं आहे," म्हणत घटाघट पाणी प्यायले. मग मॉनिटरनं चव घेतली. सगळी पंगत तिच्या तोंडाकडे बघू लागली.

"हाई भरीत नही शे," ती म्हणाली. "एकदम बेकार शे."

नव्या मुलीचा घास हातातच राहिला. मॉनिटरनं आपलं पान उचलून बाजूला सरकवलं, शेजारच्या दोघींना कोपरानं ढकललं आणि जागा करत ओरडली, "पन तू तठे काय बसनी? आठे ये ना!"