नोहाच्या बायकोचं काम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला तरी का सांगतेय, देव जाणे. बसा जरा — मध्येच उठू नका.

मी इंग्रजी शिकवते. राजारामपुरीतून रोज कॉलेजला जाते-येते. जुनी इंग्रजी धार्मिक नाटकं म्हणजे माझा जीव की प्राण. काय थाट होता हो त्यांचा! बायबलातली एकेक गोष्ट एकेका धंद्याची मंडळी चाकाच्या गाड्यावर उभी करायची आणि गावभर फिरवायची. एका गावात तर नोहाचा महापूर पाणी वाहणाऱ्यांकडे होता. ज्याचा पाण्याशी संबंध, त्यानंच पूर करायचा.

हेच माझ्या डोक्यात बसलं. गॅदरिंगला मी ट्रॅक्टरची ट्रॉली मागवली, आणि नोहाच्या बायकोचं काम वैशालीला दिलं. का? तर ती शिरोळची. पूर बघितलेली पोरगी!

पुरातून वाचायला नोहानं बांधलेल्या तारवात, म्हणजे त्या मोठ्या जहाजात, ही बायको चढायलाच तयार नसते. शेजारणींना सोडून येणार नाही म्हणते. मग मुलगे तिला उचलून आत नेतात — आणि लोक हसतात.

तालमीच्या आधी वैशालीनं मला जिन्यात गाठलं. "मॅडम, दुसरं कुठलंबी काम द्या की." मग खाली बघत तिनं सांगितलं. पुरात नाव आली, तेव्हा शेजारणीला घेतल्याशिवाय येत न्हाय, असं तिची आई म्हणाली होती. आई छपरावरच थांबली. नाव परत आली तेव्हा छप्परच नव्हतं.

म्हणजे मला माहीत होतं — कळतंय ना? आणि मी काय बोलावं? "अगं, मग तर तुझ्याइतकं खरं कुणाला जमणार? फक्त जरा हसव लोकांना."

हसवलं तिनं. शिट्ट्या पडल्या. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून वैशाली कॉलेजला आली नाही.

पंधरा दिवसांनी तिचे वडील आले. "मॅडम, पोरगी कॉलेजचं नाव काढू देत न्हाय. हितं काय झालंय काय?"

"छे हो, काही नाही. नाटकात तर किती छान काम केलं तिनं!"

त्यांनी मला हात जोडले. पोरीवर लक्ष ठेवलं म्हणून. मी ते जोडू दिले — लाज कशी वाटली नाही मला?

परवा वर्गात तोच प्रवेश शिकवला. बायकोपाशी आले आणि म्हणाले, "हा विनोदी भाग." पोरं हसली. मीही हसले.