पाहुणे म्हणून आलेले बाबा

माझे बाबा स्वतःच्या घरात शिरण्यापूर्वी माझी परवानगी मागत. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची होते आणि ती बहुधा देत नसे.

मी अंगावर पीत होते तेव्हा ते पलटणीत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेले. परतले तोवर पांढुर्ण्याच्या आमच्या दोन खोल्यांत आईचा आणि माझा जम बसला होता. तिसऱ्या माणसाची मला गरज वाटत नव्हती. एक दिवस दारात काळा, हडकुळा माणूस उभा राहिला आणि आई रडायला लागली.

"हे तुहे बाबा हायेत," ती म्हणाली.

"नाही. पाव्हणे हायेत," मी म्हणाले.

"बरोबर हाय पोरीचं," बाबा म्हणाले. "सध्या पाव्हणाच हाय मी."

एकदा मी त्यांची वळकटी ओढत अंगणात नेऊन टाकली आणि विचारले, "तुमी कवा जाऊन राहिले?"

"हा निघालोच." वळकटी खांद्यावर टाकून ते कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेले. तिथे ते बॉयलरवर होते. संध्याकाळी काजळलेल्या तोंडाने, वळकटीसकट, पुन्हा दारात. "बाई, आजच्या दिवस जागा हाय का?"

आईचा संताप होई. "दोन लावा तिले. बाप हाय का कोन हाय तुमी?"

"अवं, मी नसतानी घर तिनंच सांभाळलं ना?" बाबा म्हणत.

लढाईबद्दल कोणी विचारले, तर त्यांचे उत्तर ठरलेले: "लय पाणी होतं. जोडे कुजले." जिनिंगचा भोंगा वाजला की मात्र ते हातातले काम सोडून भिंतीला पाठ लावून उभे राहत. भोंगा थांबला की काम पुढे सुरू.

त्या हिवाळ्यात मला खोकला झाला. बाबांनी पलटणीतला लोकरी कोट शिंप्याकडे दिला आणि माझ्या मापाचा करून आणला. मी तो उन्हाळ्यातही काढला नाही. पाहुण्यांनी दिलेली वस्तू परत करायची नसते, एवढे मला ठाऊक होते.

पुढे स्वातंत्र्य मिळाले. सकाळी बाजारात झेंडा लागणार होता आणि लढाईवरून आलेल्यांनी वर्दीत पुढे उभे राहावे, असा निरोप होता. बाबा धोतर-सदऱ्यावर गेले. मी ऑगस्टच्या घामात तो खाकी कोट घालून त्यांच्या बाजूला. व्यवस्था पाहणाऱ्या एकाने हटकले, "महादेवराव, वर्दी कुठी हाय?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हे काय, उभी हाय."

लोक हसले. पोरांची रांग मागे होती, म्हणून तो मला दंडाला धरून मागे नेऊ लागला. मी हलले नाही. "माह्या बाबाचा कोट हाय," मी म्हणाले. "मी इथंच राहीन."

बाबा झेंड्याकडे बघत राहिले. घरी परतल्यावर ते दारात थांबले नाहीत. सरळ आत गेले आणि पाणी मागितले. मी दिले.

माझे लग्न नरखेडला झाले आणि पाठोपाठ राज्यांची वाटणी झाली. नरखेड मुंबई राज्यात गेले, पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशात राहिले. पोरगी परराज्यात गेली म्हणून आईने जेवण सोडले.

"गाडी तेच हाय ना?" बाबांनी विचारले.

"हाय."

"मंग चाल." आणि दोघे दुपारी माझ्या दारात हजर.

पुढे काही वर्षांनी बाबा वारले ते पांढुर्ण्याच्या घरी, जेवण झाल्यावर, बसल्या जागी, आईशी बोलता बोलता. मी पोचले तेव्हा जिनिंगमधली माणसे अंगणात उभी होती. त्यातला एक म्हणाला, "वहिनी, लय वाईट झालं."

आई म्हणाली, "लढाईवर होते तवा रोज वाटे, कुठी पडले असतीन, कोन पाणी पाजलं असन. आता माह्यासमोर गेले. माह्या हातचं पाणी पिऊन गेले."

मग तिने त्या माणसांना बसायला सतरंजी टाकली.