देवघरातलं मँगनीज

आमच्या घरात पणजोबांना मरणानंतर बढत्या मिळत गेल्या. माझ्या लग्नात सासऱ्यांनी ओळख करून दिली तेव्हा ते भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीवर मॅनेजर होते. विहानच्या बारशापर्यंत ते भागीदार झाले. आणि आम्ही जर्मनीत वाल्डॉर्फला राहायला आल्यावर, इथे खरंखोटं करणारं कोणीच नसल्यामुळे, थेट मालक.

पुढच्या बढत्या देणारा माझा नवरा गुरुदत्त एरवी इतका सरळ आहे की त्याच्याबरोबर फिरायला जाणं ही शिक्षा आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी तो लाल दिव्याला थांबतो. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत चुकून काचेची बाटली गेली तर कोपरापर्यंत हात घालून ती बाहेर काढतो. ऑफिसचं पेन चुकून घरी आलं, तर सोमवारी परत जातं. असा माणूस पणजोबांचा विषय निघाला की मात्र सुटतो. चारचौघांत बुजणाऱ्या माणसाला मिरवायला एक गोष्ट हवी असते, म्हणून मीही कधी टोकलं नाही.

त्या गोष्टीचा पुरावा आमच्या देवघरात होता. लहान नारळाएवढा, काळा, गुळगुळीत शाळिग्राम. पणजोबांना तो खाणीत सापडला. मंदीत खाण बंद पडली, तेव्हा देव एकटा राहू नये म्हणून ते त्याला पोटाशी धरून घरी घेऊन आले, असं सासरे सांगायचे. त्याच्या खाचांमध्ये लालसर रेघा होत्या, त्या लक्ष्मीच्या. अभिषेकाचं पाणी थोडं काळपट व्हायचं, तो विष्णूचा वर्ण. ते पाणी आम्ही सगळे रोज तीर्थ म्हणून घ्यायचो. बायकांनी त्याला शिवायचं नाही, हा घरचा नियम. मला त्याचं फार दुःख नव्हतं. आपल्याला घासावं लागत नाही असं घरात काहीतरी असावं.

गेल्या सप्टेंबरात मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज आला. मुक्ता मडावी नावाची मुलगी ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथल्या पोलादाच्या भट्ट्यांना मँगनीज कुठून यायचं, ते कोण काढायचं, हा तिचा विषय. कुणाच्या घरी खाणींच्या आठवणी असतील तर कळवा, असं तिने लिहिलं होतं. गुरुदत्तने दोन मिनिटांत फोन लावला. ती सेमिनारसाठी हायडेलबर्गला येणारच होती, तिला रविवारी जेवायला बोलावलं. त्याला एकच हवं होतं, तिच्या प्रबंधात पणजोबांचं नाव. आठवडाभर तो छापलेलंच बघत असल्यासारखा घरात वावरत होता.

मुक्ता बसने आली. गोड, मोकळी मुलगी. माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन काकडी चिरायला बसली. जेवताना गुरुदत्तने तोंड उघडलं ते मिटलंच नाही.

"आल्झो, तर बघ, पहिलं महायुद्ध संपलं आणि पोलादाची डिमांड वाढली. मग आमच्या खाणीतून..."

"खाणीत काम कोण करायचं, काका?" तिने विचारलं.

"लोकल लोक असतील गं. आदिवासी वगैरे."

तिने भाताचा घास संपवला. "माझी पणजी होती त्यात. तुमसरकडे. डोक्यावरून टोपल्या वाहायची. आम्ही गोंड."

"ओ, ग्रेट!" गुरुदत्त म्हणाला.

मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. ग्रेट काय? त्यालाही ते कळलं असावं, कारण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सावरासावर करायची म्हणून तो तिला देवघर दाखवायला घेऊन गेला. मागे मी, आणि माझ्यामागे आमचा पंधरा वर्षांचा विहान, ज्याला मराठी सगळं कळतं पण बोलतो जर्मनच.

शाळिग्राम दिसताच मुक्ता थबकली. मग खाली वाकली आणि तिचा हात आपसूक पुढे गेला.

"अगं अगं, हात नको! सोवळ्यातला आहे तो."

एवढ्या मोठ्याने गुरुदत्त विहानवरही कधी ओरडला नव्हता. मुक्ताने हात मागे घेतला आणि जॅकेटच्या खिशात घातला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. घरी बोलावलेल्या पाहुणीला, ती कोण आहे हे तिने सांगून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर, आम्ही म्हणालो होतो, शिवू नकोस.

"म्हणजे, तसं नाही... विभावरीसुद्धा शिवत नाही," गुरुदत्त माझ्याकडे बोट दाखवत पुटपुटला. त्याने ते आणखीच वाईट झालं.

"काका, हा शाळिग्राम नाही. मँगनीज आहे," ती शांतपणे म्हणाली. "पाणी काळं होत असेल ना?"

"इमर!" विहान म्हणाला. नेहमीच होतं.

"आमच्याकडे खाणीच्या तोंडाशी असा दगड मांडायचे. शेंदूर लावून. ती खाणीची माय. टोपली उचलायच्या आधी प्रत्येक बाई तिच्यावर हात ठेवायची. वरून दरड येऊ नये म्हणून. रोज इतके हात लागले की दगड असा होतो." तिने खिशातला हात न काढता हनुवटीनेच दाखवलं. "तो लाल रंग शेंदराचा आहे."

विहान वाकून त्या लाल रेघा बघू लागला.

"मग मंदी आली. इकडच्या भट्ट्या थंडावल्या, तिकडच्या खाणी बंद. आजी सांगायची, माणसं खाणीच्या काठावर बसून राहिली. पुन्हा सुरू होईल या आशेवर. आणि एका सकाळी माय जागेवर नव्हती. खाणीच्या कचेरीतल्या बाबूंचं बिऱ्हाडही गेलं होतं. मायच नाही तर खाली कोण उतरणार, म्हणून मग तीही माणसं उठली आणि पांगली."

गुरुदत्तने एकदम वाकून तो दगड उचलला. "घे. तुमची आहे ना? घेऊन जा. प्लीज."

मुक्ता एक पाऊल मागे सरकली. "आमची गुडघ्याएवढी होती म्हणे. ही ती नाही, काका. ही दुसऱ्या कुणाची तरी आहे."

"मग मी काय करू?"

"ते मी कसं सांगणार?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जाताना तिने मला वाकून नमस्कार केला. दारात बूट घालताना म्हणाली, "काका, पणजोबांचं नाव नाही घालत मी. उगाच तुमच्या घरच्यांना वाईट वाटेल." तिने आमची अब्रू झाकली होती. ती झाकायला आमच्या घरी अपमान गिळलेली मुलगीच पुढे यावी, याची मला इतकी लाज वाटली की बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले तरी मी तिच्याशी धड एक वाक्य बोलू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदत्त आंघोळ करून देवघरासमोर बसला आणि बसूनच राहिला. तांब्या भरलेला, हात मांडीवर.

"आज तीर्थ नाही?" मी विचारलं.

"कशाचं तीर्थ, विभा? लाल दिव्याला थांबतो मी. आणि रोज सकाळी चोरीचा माल धुऊन पितो." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू हात लावून बघ."

मी खाली बसले आणि हात ठेवला. दगड थंडगार होता. वरच्या बाजूला एक खोलगट जागा होती, बाईच्या तळव्याएवढी. माझा हात तिथे बरोबर बसला. इतक्या वर्षांत गुरुदत्तला ती खोल जागा कधी कळलीच नव्हती, कारण त्याचा हात तिच्यापेक्षा मोठा आहे.

त्याने ऑफिसला कळवून सुट्टी घेतली आणि मुक्ताला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"मुक्ता, पणजोबांचं नाव घाल."

"काका, खरंच गरज नाही त्याची."

"घाल. पूर्ण नाव घाल."

"बरं. आणि पुढे काय लिहू? मालक?"

"हजेरी कारकून," गुरुदत्त म्हणाला. मॅनेजरच्याही खालची ही जागा या घरात मी पहिल्यांदाच ऐकली. त्याला ती आधीपासून माहीत होती. "आणि लिही, की खाण बंद पडल्यावर तो लोकांची माय उचलून घेऊन गेला. मी नाताळच्या सुट्टीत तिकडे जाणार आहे. तिला परत न्यायचंय."

"जा, काका," मुक्ता म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "मी गावात फोन करून ठेवते. खाणीचं नाव काय?"

गुरुदत्तने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. सासरे, आजेसासरे, विहानचं बारसं, मंडळाचे सगळे कार्यक्रम, सगळं आठवून पाहिलं. सगळीकडे आम्ही 'आमची खाण' म्हणालो होतो. तिचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.