हिरॉइनचा डबा

रोह्याच्या टॉकीजचे बॅनर आम्ही रंगवायचो, तेव्हा दुकानात चेहऱ्यांच्या रंगाचे दोनच डबे असत. गुलाबी डबा हिरॉइनचा, तपकिरी व्हिलनचा. चाचा, म्हणजे माझे उस्ताद, दर सोमवारी दोन्ही रंग घोटून ठेवत. मग सिनेमा कुठलाही येवो, नटी कुणीही असो, आठवडाभर चेहरे त्यातूनच निघत. मी मूळची हमरापूरची. गणपतींना अंगाचा रंग मारण्यात लहानपण गेलेलं, त्यामुळे मलाही यात काही वावगं दिसलं नाही. देवाला गुलाबी चालतो, तर हिरॉइनला का नको? माझा स्वतःचा रंग दुसऱ्या डब्यातला आहे, हे ध्यानात यायला मला दोन वर्षं लागली. इतकी मी बावळट.

मग मिठागरातल्या बाईवरचा एक सिनेमा आला. चाचांनी पहिल्यांदाच अख्खा बॅनर माझ्यावर सोपवला. "तुझा हात बसलाय गो. आता तूच कर." मी हवेत होते. सिनेमाच्या रिळांच्या पेटीतून मुंबईहून छापील पोस्टर आलं होतं. डोक्यावर मिठाची टोपली घेतलेली नायिका. मीठ आणि बाई एकाच रंगाची. पण सोबत सिनेमातले फोटोही होते. त्यांत तीच नटी चांगली काळीसावळी, उन्हानं रापलेली. पेणजवळच्या मिठागरात माझी मावशी जन्मभर राबली. ती काही कधी गुलाबी झाली नाही. पोस्टर करणाऱ्यानं हे फोटो पाहिले नसतील असं नाही. पाहूनसुद्धा त्यानं बाईला घासूनपुसून गोरी केली होती. माझं डोकंच फिरलं.

मी तपकिरी डबा उघडला. त्यात थोडा लाल, थोडा पिवळा घातला आणि पुरुषभर उंचीचा चेहरा रंगवला. काळ्या कातडीवर ऊन जरा निळसर चमकतं, हे मावशीच्या खांद्यावर पाहिलेलं होतं. ते गालाच्या हाडावर ठेवलं. बुधवारी चाचांनी त्या गालावर बोट टेकवून पाहिलं. रंग खडखडीत वाळला होता. मग ते चहा प्यायला गेले.

गुरुवारी टॉकीजचे मालक आले. त्यांना सगळे शेट म्हणायचे.

"ही कोण? व्हिलनची आई?"

"हिरॉइन हाय," मी म्हणाले.

"पब्लिक पळून जाईल. उद्या पहिल्या खेळाच्या आत गोरी कर. नायतर दुसरीकडं काम बघ."

"नाय करनार. तुमच्याच पेटीतले फोटो बघा, शेट. मी खोटा चेहरा काढनार नाय."

हे काम गेलं तर रोह्यात बाईच्या हातात ब्रश कोण देणार, घरी काय सांगायचं, सगळं कळत होतं. तरी शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

शेट चाचांकडे वळले. "मग तुम्ही करा."

चाचांनी सावकाश चष्मा पुसला. "रंग ओला हाय, शेट. ओल्यावर गुलाबी मारला तर नुसता चिखल व्हईल. चार दिवस तरी थांबाया लागंल."

चाचांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी बॅनर तसाच चढला. माझी बाई बाजाराकडे तोंड करून उभी राहिली, आणि मी रोज मुद्दाम वाट वाकडी करून तिच्यासमोरून गेले. सिनेमा मात्र चार दिवसांत उतरला. मला वाईट वाटलं. सिनेमा चांगला होता.

मंगळवारी शेट दुकानाच्या दारात येऊन ओरडले, "तुझ्या काळ्या बाईनं माझा सिनेमा पाडला!"

"आनि त्याच्या आधी पडले ते चार?" मी विचारलं. "ते तर गोऱ्या बायांनीच पाडले ना, शेट? त्यांना कधी म्हनालात, दुसरीकडं काम बघा?"