मधल्या बेअरिंगमधली दुसरी चिंधी

भुतंखेतं, अंगात येणं, प्लँचेट... या सगळ्याला मी जन्मभर नाक मुरडत आलेय. इथे भोपाळला, आमच्या अवधपुरीच्या कॉलनीत कुणाच्या स्वप्नात सासरे आले, की मी विचारते, "बीपीची गोळी घेतली होतीत का?" त्यामुळे हे सांगताना माझी मलाच जरा लाज वाटतेय. पण वय सत्त्याऐंशी झालंय, आता कुणाला भ्यायचं? मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. ती मधेमधे हसतेय, तिकडे लक्ष देऊ नका.

राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कारकुनांच्या कुटुंबांनी गाड्या भरभरून येत होत्या. आम्ही कारकून नव्हतो. माझे बाबा इंजिनाचे मिस्त्री. नागपुरात एका मोटर कंपनीत होते. नव्या राजधानीत ट्रक येणार, ट्रक आले की इंजिनं बसणार, म्हणजे बिघडणार, असा त्यांचा साधा हिशेब. बरखेड्याला मोठा कारखाना उभा राहत होता, तिकडे खडी-विटा नेणारे ट्रक धूळ उडवत जायचे. आम्ही भोपाळातल्या जहांगीराबादेत एक पत्र्याची शेड घेतली, मागे दोन खोल्या. घरात तिघं — बाबा, मी आणि बाबांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. आई मी सात वर्षांची असतानाच गेली.

आता खरी गोष्ट... बाबांना दिसत नव्हतं! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नागपुरातच सुरुवात झाली होती. मी तेव्हा सोळा वर्षांची. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली, "माले, हा निळा ठिपका कुठे दिसतोय सांग बरं." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. असं करत करत मी त्यांचे डोळे झाले, आणि डोळ्यांबरोबर हातही शिकले.

त्या काळच्या ट्रकांच्या इंजिनात व्हाइट मेटलची बेअरिंगं असायची. मऊ धातू ओतून, घासून बसवायची. क्रँकला, म्हणजे त्या बेअरिंगांत फिरणाऱ्या दांड्याला, ब्लू लावायचा — निळी, मलमासारखी पेस्ट. क्रँक जागेवर ठेवून फिरवायचा, मग उचलायचा. बेअरिंगवर जिथे निळे ठिपके उठतील तिथे उंचवटा. तो स्क्रेपरनं खरवडायचा. पुन्हा ब्लू, पुन्हा फिरव, पुन्हा खरवड... ठिपके सगळीकडे सारखे येईपर्यंत. एका बेअरिंगला कधीकधी अख्खा दिवस. बाबा याला ठिपके वाचणं म्हणायचे. वाचताना मान वर केली की जागा चुकते, म्हणून त्यांचा दंडकच होता — छत कोसळलं तरी मान वर करायची नाही.

शिकवणं म्हणाल तर देवा रे देवा! बाबा म्हणजे जमदग्नी. "अगं, बेअरिंग आहे ते, वांगं सोलतेस का?" आत्या मधे पडायची, "पोरीची जात आहे रे, हळू बोल." की हे आणखी चढ्या आवाजात, "धातूला जात कळत नाही!" मी रडायची, नाक पुसायची आणि पुन्हा खरवडायला लागायची. ठिपके वाचून झाले, की मागून त्यांचा उजवा हात यायचा. अंगठा बेअरिंगवर फिरायचा. ते "हं" म्हणाले की पास. शाबासकी म्हणतात ती हीच.

डॉक्टर सांगत होते, मोतीबिंदू पिकलाय, उजवा डोळा लगेच करून घ्या, उशीर केलात तर हाती काही लागणार नाही. पण बाबा "हे इंजिन झालं की", "ते इंजिन झालं की" करत दीड वर्ष ढकलत राहिले. शेवटी मीच हटून बसले. तेव्हा शेडमध्ये एका ठेकेदाराच्या ट्रकचं इंजिन उघडून पडलं होतं. म्हटलं, "हे मी एकटी बंद करते. तुम्ही दवाखान्यात जा." बाबा मग म्हणाले, "जातो. पण इंजिन बसलं असं कानावर आलं ना, तर पट्टी काढून येईन, सांगून ठेवतो."

आणि ते आलेही असते हो! आजच्यासारखं नव्हतं तेव्हा, सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी भजी. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि कितीतरी दिवस उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, कूस वळायची नाही. उठून बसला की डोळा गेलाच म्हणून समजा. मला इंजिनाची एवढी काळजी नव्हती. माझं इंजिन बिघडलं तर बाबांचा डोळा जाईल, ही भीती होती.

ऑपरेशनचा तिसरा दिवस. दुपारचे बाराएक वाजले असतील, कारण शेजारच्या पीठगिरणीचा पट्टा नुकताच थांबला होता. शेडचं दार मी आतून कडी लावून बंद केलं होतं. मुलगी इंजिन खोलतेय म्हणून लोक तमाशा बघायला उभे राहायचे ना! ठेकेदार एकटाच चांगला माणूस. दाराबाहेरून भोपाळी ढंगात हाक मारायचा, "को बिटिया, हो रहा है?" मी "हो रहा है, चाचा" म्हटलं की निघून जायचा.

खरवडताना धातूचा कीस तेलाच्या भोकांत जाऊ नये, म्हणून आम्ही भोकांत चिंध्या कोंबून ठेवतो. एखादी आत राहिली, तर त्या बेअरिंगला तेल मिळत नाही. मग चार मैलांत धातू वितळून इंजिन जाम. म्हणून चिंध्या मोजून घालायच्या, मोजून काढायच्या. पाच भोकं. आत्याच्या जुन्या लुगड्याच्या पाच चिंध्या मी घातल्या होत्या, पाचही काढून समोर पाटावर मांडल्या. मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग शेवटचा ब्लू लावून क्रँक फिरवला, उचलला आणि वाकून ठिपके वाचायला लागले. छान उठले होते, अगदी सारखे.

तेवढ्यात मागून उजवा हात आला.

मला काहीसुद्धा वावगं वाटलं नाही, हेच मला आजवर चमत्कारिक वाटतं. तीन वर्षं तो हात असाच, याच वेळी यायचा. मी जरा सरकून जागा दिली. मधोमध चिरलेल्या नखाचा तो अंगठा मधल्या बेअरिंगच्या ब्लूवरून फिरला, भोकाशी थांबला. आणि बाबांचा आवाज आला, पण किती हळू... "छान झालंय गं बाळ. मधल्यात अजून एक चिंधी आहे. तेवढी काढ."

"काढते," मी म्हटलं. वाकडी तार घातली. आत खोल काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर खरंच चिंधी! पण लुगड्याची नव्हे — बाबांच्या जुन्या बनियनची.

मग मी मान वर केली. मागे कुणी नव्हतं. दाराला कडी तशीच.

मी कशी धावले, टांग्याला कुठे हात केला, काही आठवत नाही. मनात एकच... बाबा उठले, डोळा गेला. वॉर्डात पोचले तर आत्या स्टुलावर बसून वाती वळत होती. "काहून अशी धावत आलीस गं?"

"बाबा उठले होते?"

"काहीतरीच काय! सकाळपासून मी इथून हललेली नाही. आत्ता तर कुठे डोळा लागलाय त्याचा."

बाबा उताणे झोपले होते. वाळूच्या पिशव्या जागच्या जागी. उजवा हात पांढऱ्या चादरीवर... आणि अंगठ्याला ब्लू. ओला! चादरीला डाग लागला होता. आत्यानं पाहिलं, आणि तिच्या हातातली वात खाली पडली. "अरे देवा... सकाळी मीच ओल्या फडक्यानं हात पुसले गं त्याचे. तेव्हा नव्हतं हे."

त्यानंतर पट्टी सुटेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. इंजिन बंद केलं, ट्रकवर चढवलं, ते बरखेड्याच्या फेऱ्या मारायला लागलं. ठेकेदारानं पेढे आणले. मला त्याचं काही नव्हतं. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मी आत्याचा हात इतका घट्ट धरला होता, की ती ओरडली. डॉक्टर मात्र खूश. म्हणाले, असा न हलणारा पेशंट पाहिला नाही. बाबांनी डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिले, मग माझे हात हातात घेतले. "काय करून घेतलंस हे हातांचं, माले..." एवढंच बोलले. मी तिथेच भोकाड पसरलं.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, उडवून लावतील. पण ते अंगठ्याबद्दल काही बोललेच नाहीत. बनियनच्या चिंधीवरच अडकले. "म्हणजे आधी मीच कोंबली असणार. दिसली नाही मला. वरून तू तुझी घातलीस... तुझं पहिलं इंजिन, पोरी, आणि मीच घालवत होतो." त्यांच्या नव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. आत्या ओरडली, "रडू नकोस रे, डोळा!"

मग थोड्या वेळानं, खाली बघत, त्यांनी विचारलं, "मी... ओरडलो नाही ना तुझ्यावर?"

"नाही बाबा. 'बाळ' म्हणालात."

ते नुसते मान हलवत राहिले.

नात म्हणते, आजी, तुझ्या मनाला आधीच शंका असणार, मनानंच हात दाखवला. असेल बाई. मग वॉर्डातला ओला ब्लू? आत्या म्हणायची, तुझ्या आईनं त्याला उचलून आणलं. तेही मला पटलं नाही. पुढे मी लग्नानंतरही वीस वर्षं शेड चालवली, शेकडो बेअरिंगं बसवली, आणि दर वेळी ठिपके वाचताना मागे थोडी जागा सोडली. पुन्हा कुणी आलं नाही. बाबा आणखी सतरा वर्षं जगले. प्रेम होतं हो त्यांचं, पण शेवटपर्यंत माझ्यावर ओरडतच राहिले. मला "बाळ" ते एकदाच म्हणाले, आणि तेव्हा ते तिथे नव्हते. हे कसं झालं, मला खरंच माहीत नाही.