आठ हजार फूट, बरोबर

आमच्या विमानांच्या ग्रुपमधल्या कंट्रोलरने मला फसवलं आणि चिपळूणच्या माझ्या मित्राने गप्प बसून त्याला साथ दिली. विमानं खोटी होती, कॉम्प्युटरवरची. फसवणूक खरी.

मी मिरकरवाडा बंदरावर मासळी घेतो आणि हॉटेलांना पुरवतो. सुरुवात टोपल्या उचलण्यापासून केली. जे मिळवलं ते भांडून मिळवलं, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक आहे. रविवारी जेवण झालं की मी हेडफोन लावून लढाऊ विमान उडवतो. ग्रुपमध्ये कोणी पुण्याचा, कोणी नाशिकचा. एकमेकांची तोंडं पाहिलेली नाहीत, आवाज तेवढे ओळखतो. हवाई दलासारखी तालीम चालते. जोड्या असतात, जोडीला पुढारी असतो आणि जमिनीवरून सूचना देणारा एक कंट्रोलर असतो.

रेडिओवर बोलायची रीत त्यानेच मला शिकवली. आधी ऐका, मग बटण दाबा. कोणाला हाक मारताय, तुम्ही कोण, काम काय, एवढं सांगा आणि बटण सोडा. उंची दिली की ती आपल्या तोंडाने परत म्हणा. समोरून 'बरोबर' आलं की ती पक्की.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "चार नंबर, दहा हजारांवर जा."

मी म्हटलं, "सर, वर ढग आहेत. आठमध्ये जमवा ना."

चॅनलवर कोणीतरी फिसकन हसलं.

"दादा," कंट्रोलर म्हणाला, "हा बाजार नाही. दिलेली उंची परत म्हणा."

माझी जीभ वळेना. आमच्याकडे समोरच्याने सांगितलेला भाव आपल्या तोंडून परत निघाला की माल घेतला असं धरतात. म्हणून भाव ऐकला की मी पापलेटाचे कल्ले उघडून बघत बसतो, आकडा काही उच्चारत नाही. बोटींच्या वायरलेसवर तर बोट हाकणारे आमचे तांडेल आधी एकमेकांचा उद्धार करतात, मग जाळ्याचं काय ते बोलतात. त्यातून उठून मी इथे आलो होतो. तरी शिकलो, कारण विचार केल्यावर पटलं की हा आमचाच कायदा आहे. आकडा तोंडातून गेला, समोरच्याने मान डोलावली, सौदा झाला. त्यानंतर मागे फिरणाऱ्याला बंदरावर दुसऱ्या दिवशी कोणी उभं करत नाही.

चिपळूणला औषधांचं दुकान असलेल्या मित्राला मीच या ग्रुपमध्ये आणला. तो तीन नंबर, मी चार. दुसऱ्या एका ग्रुपबरोबर मोठी लढाई ठरली होती आणि तीत एका जोडीचं पुढारपण आम्हा दोघांपैकी एकाला मिळणार होतं. मला ते हवं होतं. दोन पावसाळे मी त्यासाठी तोंडाला कुलूप लावून उडालो होतो.

शेवटच्या तालमीला मी जरा उशिरा चॅनलवर आलो. मित्र त्याआधीच आठ हजार फुटांवर पाठवला गेला होता. मला ते माहीत नव्हतं.

"चार, आठ हजारांवर या," कंट्रोलर म्हणाला.

"आठ हजारांवर येतो, चार."

"बरोबर."

मी उतरलो. ढगातून एकदम एक पंख समोर आला आणि पडदा काळा झाला. आम्ही दोघंही मेलो.

नंतर सगळे बोलायला बसले. कंट्रोलर शांतपणे म्हणाला, "चारला मी दहा दिली होती. दादांनी स्वतःच आठ केली."

मला वाटलं, त्याची गफलत झाली असेल. मी म्हटलं, "सर, तुम्ही आठ दिलीत, मी परत म्हटलं आणि तुम्ही बरोबर म्हणालात."

"दादा, पहिल्या दिवशीसुद्धा तुम्ही आठच मागत होतात. सवय जात नाही माणसाची."

सगळे हसले. मी विचारलं, "कोणी ऐकलं नाही?" मित्राला 'तीन नंबर' अशी हाक मारून विचारलं, तर म्हणाला, "माझं लक्ष मीटरकडे होतं."

मग मी तांडेलांच्या भाषेत बोललो. कंट्रोलरने माझा माइक बंद केला. तो अजून बंद आहे. मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कोणाला जात नाही.

बायको दाराशी येऊन बघत होती. "काय हो, विमान पडलं की तुम्ही पडलात?"

"फसवलं मला."

"बंदरावर रोज कोणी ना कोणी फसवायला बघतो. तेव्हा असे पांढरे पडत नाही तुम्ही."

खरं होतं. बंदरावर मी ते धरूनच जातो. इथे धरलं नव्हतं.

चार दिवसांनी मित्राचा फोन आला. आधी पावसाचं, वाशिष्ठीच्या पाण्याचं बोलला. मग म्हणाला, "मी ऐकलं होतं रे. तुला आठ दिली तेव्हाच."

मी खुर्चीत बसलो. "मग तेव्हाच का नाही बोललास? तू आठवर होतास."

"कंट्रोलर बोलत असताना मध्ये पडायचं नसतं ना."

"टक्कर होणार असेल तर पडायचं असतं. हा नियम मीच तुझ्याकडून पाठ करून घेतला होता."

"वाटलं, त्याच्या लक्षात येईल. आणि नंतर बोललो असतो तर त्याची अब्रू गेली असती, ग्रुप फुटला असता. खेळ आहे रे, सोड ना. त्यात तू शिव्या घातल्यास."

"शिव्या नंतर घातल्या. पुढारपण कोणाला मिळालं?"

पलीकडे दुकानात कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. त्याने फोन ठेवला.

गेल्या रविवारी मी बंद माइकने त्याला ऐकलं. जोडीच्या पुढे तो होता. दिलेली प्रत्येक उंची स्वच्छ आवाजात परत म्हणत होता, आणि समोरून प्रत्येक वेळी 'बरोबर' येत होतं. ऐकवेना, तरी हेडफोन काढला नाही.

ग्रुपमधले सगळे हे वाचतील, म्हणून इथे लिहितो. तीन नंबर, चार नंबर बोलतोय. त्या दिवशी तू काय ऐकलंस ते मला फोनवर सांगून भागणार नाही. त्याच चॅनलवर, सगळ्यांसमोर सांग. आणि सर, तो सांगेल ते तुम्ही तुमच्या तोंडाने परत म्हणून दाखवा.